होडीला इंजिन नसतं: चाच्यांच्या अंधाऱ्या सफरीमागची पाण्याची यंत्रणा

मनोरंजन पार्कमधल्या, बंद इमारतीतल्या चाच्यांच्या सफरीत बसलेल्या माणसाला तोफा दिसतात, हलणारे कंदील दिसतात, मोहरांच्या पेटीवर रेललेला सांगाडा दिसतो. तिथे काम करणारा माणूस मात्र सकाळी आल्या आल्या भिंतीवरची एक पट्टी बघतो. पाटातलं पाणी ठरलेल्या खुणेवर आहे का? असेल तरच पुढचं सगळं सुरू करायचं. कारण या होडीला इंजिन नसतं, सुकाणू नसतं, ब्रेकही नसतो. पाणी जाईल तिकडे आणि त्याच वेगाने ती जाते.

कुळागर, म्हणजे पोफळीची बाग, पाहिलेल्या गोंयकाराला हे वेगळं समजवायला नको. वरच्या झऱ्याचं पाणी पाटाने पोफळींच्या मुळाशी जातं आणि त्यात करवंटी सोडली तर ती न ढकलता खाली पोचते. राइड म्हणजे असाच पाट, पण शेवटचं टोक पुन्हा पहिल्या टोकाला जोडलेला. खाली आलेलं पाणी परत वर चढवायला पंप लागतात आणि बहुतेक खर्च, डोकेदुखी आणि धोका त्या पंपांभोवतीच असतो.

आकडे मांडून बघू

हिशेबासाठी एक मध्यम आकाराची सफर धरू. पाट २०० मीटर लांब, २ मीटर रुंद, पाणी अर्धा मीटर खोल. वाहण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे रमतगमत चालण्यापेक्षाही कमी. मग सफर ४०० सेकंदांची, पावणेसात मिनिटांच्या आतबाहेर.

पाटाच्या कुठल्याही एका ठिकाणाहून सेकंदाला २ × ०.५ × ०.५, म्हणजे अर्धा घनमीटर पाणी जातं. अर्धा घनमीटर म्हणजे ५०० लिटर. घरातली छपरावरची मोठी टाकी दोन सेकंदांत रिकामी होईल इतकं पाणी हे पंप सकाळपासून रात्रीपर्यंत सतत फिरवतात.

एवढं पाणी वाहायला उतार मात्र फारच थोडा लागतो. गुळगुळीत काँक्रीटच्या पाटासाठी गणित केलं तर २०० मीटर लांबीत पाण्याचा पृष्ठभाग जेमतेम चार-पाच सेंटीमीटर खाली येतो. वळणं, होड्यांचा अडथळा आणि भिंतींना चिकटलेला बुळबुळीत थर धरला तर त्याच्या दुप्पट. पहिल्या टोकाचं पाणी आणि शेवटच्या टोकाचं पाणी यांत चार बोटांचा फरक, आणि त्यावर दोन टनांच्या आसपास वजनाच्या होड्या वाहतात! म्हणूनच काँक्रीट ओतताना तळात तीन सेंटीमीटरचा फुगवटा राहिला तर तो सफर सुरू झाल्यावर रोज जाणवतो. त्या जागी पाणी उथळ होतं आणि होडी रेंगाळते.

पंपाची ताकद पाणी किती आणि ते किती उंच चढवायचं यावर ठरते. सपाट सफरीत नळांतलं घर्षण धरून दोन मीटर उंची पुरते. वरच्या प्रवाहाला तेवढी उंची आणि पंपाची ७० टक्के कार्यक्षमता धरली तर सुमारे १४ किलोवॅट लागतात. होडी उतारावरून धाडकन खाली येते ती तीन मीटरची उडी घातली की पाणीही तेवढंच वर न्यावं लागतं आणि हाच आकडा ३५ किलोवॅटवर जातो. कुटुंबासाठीच्या राइडमध्ये उडी ठेवायची की नाही, हा प्रश्न पोटात गोळा येण्याचा जितका आहे तितकाच दरमहा येणाऱ्या वीजबिलाचा आहे.

वेग बदलण्यासाठी पंप मागेपुढे करत बसत नाहीत, पाटाची रुंदी बदलतात. पाणी तेवढंच आणि रुंदी २ मीटरवरून १.६ मीटर केली की वेग सव्वापट होतो. देखावा निवांत दाखवायचा तिथे पाट रुंद, रिकामा बोगदा लवकर पार करायचा तिथे अरुंद. फलाटाजवळ होडी मुद्दाम हळू केलेली असते, त्यामुळे तिथून पुढे ढकलायला पाण्याखाली नोझल बसवतात. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूने जोरात धावतं आणि होडी बाहेरच्या भिंतीला घासते. होडीच्या चारही कोपऱ्यांना आडवी रबरी चाकं असतात ती यासाठी. ती झिजली की फायबर थेट काँक्रीटला लागतं आणि प्रवाशांना ‘ठक्’ असा दणका बसतो. प्रवासी त्याला देखाव्याचा भाग समजतात, देखभालवाला वहीत चाक क्रमांक लिहितो.

माणसं बसली की पाणी चढतं

आता होडीकडे येऊ. पाच मीटर लांब, दीड मीटर रुंद, सपाट तळाची फायबरची होडी धरू, चार रांगा, प्रत्येकीत चौघे. रिकामं वजन ८०० किलो. सोळा माणसं, मुलंबाळं धरून सरासरी ६० किलो, म्हणजे ९६० किलोंची भर. तळाचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटर. आर्किमिडीजच्या नियमाने रिकामी होडी पाण्यात ११ सेंटीमीटर बुडते आणि भरलेली २३-२४ सेंटीमीटर.

या दोन आकड्यांतून दोन गोष्टी निघतात. पाटात एका वेळी दहा होड्या असतील आणि सगळ्या भरलेल्या असतील, तर केवळ माणसांच्या वजनाने साडेनऊ हजार लिटर पाणी बाजूला सरतं. ४०० चौरस मीटरच्या पृष्ठभागावर ते पसरलं तर पातळी सुमारे अडीच सेंटीमीटर वर येते. सकाळी रिकाम्या होड्यांवर बरोबर लावलेली पातळी शनिवारी दुपारच्या गर्दीत बरोबर राहत नाही ती म्हणून. हे जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या टाकीत जायला हवं आणि टाकीत त्याला जागा हवी. सकाळी कुणी उत्साहाने टाकी काठोकाठ भरून ठेवली असेल तर दुपारी पंपघराची फरशी ओली झालेली दिसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. एखादा पंप बंद पडून पाटातलं पाणी ५० सेंटीमीटरवरून २० वर आलं तर भरलेल्या होड्या तळाला टेकतील, पण रिकाम्या आणि अर्ध्या भरलेल्या तरंगतच राहतील. पुढची अडकलेली, मागची अजून वाहती. ती येऊन धडकणार.

ऑस्ट्रेलियातल्या ड्रीमवर्ल्ड पार्कमध्ये २५ ऑक्टोबर २०१६ रोजी असंच घडलं. ती राइड उघड्यावरची, गोल तराफ्यांची होती, पण पाण्याचं तत्त्व हेच. पंप बंद पडला, पातळी घटली, एक तराफा वर चढवणाऱ्या पट्ट्याजवळच्या लोखंडी आधारांवर अडकला. मागून सहा प्रवाशांना घेऊन येणारा तराफा त्यावर आदळून उभा झाला आणि चौघांचा जीव गेला. पाणी घटताच सगळं आपोआप थांबवणारी यंत्रणा तिथे नव्हती. पातळी मोजणारा सेन्सर या राइडमधल्या स्वस्त वस्तूंपैकी एक. म्हणून कुठल्याही नव्या राइडचा आराखडा वाचताना आधी चाच्यांची चित्रं बघू नयेत. पातळीचे सेन्सर किती, कुठे, आणि ते कशाला जोडलेत ते बघावं. आपल्या कल्पित सफरीत साधी मांडणी अशी होईल: ४७ सेंटीमीटरला ऑपरेटरला इशारा, ४४ ला फलाटावरून होडी सुटणं बंद, ४० ला चढणीचा पट्टाही थांबणार. आणि हे माणसाच्या निर्णयावर सोडायचं नाही. यंत्रणा चालवणाऱ्या छोट्या संगणकाने, म्हणजे पीएलसीने, ते स्वतः करायचं, तेही एकाच सेन्सरवर विश्वास न ठेवता.

पंप बंद पडल्यावर दुसरीकडेही लक्ष हवं. पाटातलं वरचं २० सेंटीमीटर पाणी जरी उतरलं तरी ८० हजार लिटर खालच्या टाकीत येतं. तेवढी रिकामी जागा आधीच ठेवलेली नसेल तर मोटरी पाण्यात जातात. पंपाच्या नळातला उलट प्रवाह रोखणारा व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर वरचं पाणी त्याच वाटेने परत येतं आणि पंप उलटा फिरायला लागतो. उलट्या फिरणाऱ्या पंपाला घाईने सुरू केलं की शाफ्टवर जबर ताण येतो, कधी तो तुटतोही. म्हणून वीज परत आल्यावर काही मिनिटं थांबण्याची अट नियंत्रणातच घालून ठेवतात. एक मोठा पंप घेण्यापेक्षा निम्म्या क्षमतेचे तीन घ्यावेत, दोन चालू आणि एक राखीव. पहिल्या दिवशी ते महाग वाटतं, दुसऱ्या हंगामात नाही.

उडी, चढण आणि होड्यांतलं अंतर

तीन मीटरच्या उडीत घर्षण नसतं तर तळाशी वेग ताशी साडेसत्तावीस किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात त्याहून कमी भरतो. अंधारात उतार दिसत नाही, त्यामुळे तो वेग दुप्पट वाटतो. खाली होडीचं नाक पाण्यात घुसतं आणि ती लाट समोर उभी करते, या लाटेतच वेग जिरतो. किती भिजायचं हे तिथल्या पाण्याच्या खोलीवर आणि होडीच्या नाकाच्या आकारावर ठरतं. पुढच्या दोन रांगांत चार धिप्पाड माणसं आणि मागे लहान मुलं अशी होडी सुटली तर नाक आधीच खाली असतं आणि लाट सरळ आत येते. फलाटावरचा मुलगा ‘काका, तुम्ही मागे बसा’ म्हणतो तेव्हा तो वजन वाटत असतो.

जेवढी उडी तेवढी चढण कुठे तरी चढावीच लागते. होडी रबरी पट्ट्यावर किंवा साखळीवर चढते आणि खाली दातेरी पट्टी असते. वीज गेली तर होडीखालचा खटका त्या दात्यात अडकून ती जागीच थांबते. चढताना येणारा टकटक आवाज या खटक्याचा असतो.

होड्या एकमेकींना धडकू नयेत म्हणून पाटाचे टप्पे पाडलेले असतात. चढण हा एक टप्पा, उडी आणि तिच्यानंतरचा शांत भाग हा दुसरा. आधीची होडी टप्प्यातून बाहेर पडल्याचा सेन्सरने निर्वाळा दिल्याशिवाय फाटक पुढचीला सोडत नाही. हे सेन्सर प्रकाशकिरणाचे ठेवले तर धुक्याच्या देखाव्यात फसतात. होडीच्या तळाला धातूची पट्टी आणि पाटात चुंबकीय किंवा प्रॉक्सिमिटी (जवळ आलेला धातू ओळखणारा) सेन्सर हे जास्त भरवशाचं.

दर ४० सेकंदांनी एक होडी सोडली तर तासाला ९० होड्या, १,४४० जागा. पण चौघांच्या रांगेत तिघांचं कुटुंब बसतं, आजी चढायला वेळ घेतात, कुणाची चप्पल पाण्यात पडते. होडीत सरासरी बारा माणसं धरली तर हजार-अकराशे. रांगेत उभं राहून आपली वेळ काढायची असेल तर जाहिरातीतला आकडा सोडा. दोन होड्यांमधलं अंतर घड्याळात बघा, प्रत्येक होडीत किती माणसं बसताहेत ते मोजा, पुढची डोकी त्या संख्येने भागा आणि त्या अंतराने गुणा.

एक होडी मध्येच थांबली तर? दीड मीटर रुंद होडी पाटाच्या वाहत्या छेदाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग अडवते. मागचं पाणी फुगतं, पुढचं घटतं. मागे तीन-चार होड्या येऊन चिकटल्या की फुगवटा काठापर्यंत येतो. म्हणून ‘एमर्जन्सी स्टॉप’ दाबल्यावर पट्टे आणि फाटकं लगेच थांबतात, पण २०० टन पाणी एका बटणावर थांबत नाही. ते शांत होईपर्यंत होड्या थोड्या सरकत राहतात, हे गृहीत धरूनच अंतर ठरवलेलं असतं.

चाचेच का?

पाण्यावरच्या अंधाऱ्या सफरी चाच्यांच्या आधीच्या. अमेरिकेत पिट्सबर्गजवळच्या केनीवूड पार्कमधली ‘ओल्ड मिल’ १९०१ सालची आणि इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची ‘रिव्हर केव्ह्ज’ १९०५ ची. सगळ्यांनी ज्याची नक्कल केली ती राइड कॅलिफोर्नियाच्या डिस्नीलँडमध्ये मार्च १९६७ मध्ये उघडली. आधी ती पायी बघायचं मेणाच्या पुतळ्यांचं दालन होणार होती. १९६४-६५ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात होड्यांची पद्धत गर्दी किती झपाट्याने पुढे नेते ते दिसलं आणि आराखडा बदलला. तिथल्या उड्याही केवळ थरारासाठी नाहीत. मोठी इमारत पार्कच्या रेल्वेरुळापलीकडे होती आणि होड्यांना रुळाखालून न्यायचं होतं. शांघायमध्ये २०१६ साली उघडलेल्या राइडमध्ये पाण्याखालून चुंबकीय ओढ देतात, त्यामुळे तिथली होडी आडवी वळते, उलटीही जाते. त्या खर्चाचा विचार आपल्याकडच्या कौटुंबिक पार्कने न केलेलाच बरा.

चाच्यांचा विषय यंत्रणेला सोयीचा पडतो. होडीत बसायला कारण मिळतं, अंधाराला कारण मिळतं, आणि गुहा दाखवायची म्हटल्यावर छतावरचे नळ लपवायला काळा रंग आणि थोडे खडक पुरतात. गोव्यात मात्र एक पेच आहे. या किनाऱ्यावर चाचे म्हणजे कोण? पोर्तुगीज कार्ताझ नावाचा परवाना देत आणि तो नसलेलं जहाज पकडत. कान्होजी आंग्रे स्वतःचे दस्तक देत आणि ते नसलेलं जहाज पकडत. इंग्रज आणि पोर्तुगीज त्यांना चाचा म्हणत, मराठ्यांच्या लेखी ते सरखेल, म्हणजे आरमारप्रमुख. १७२१ मध्ये दोघांनी मिळून अलिबागजवळच्या कुलाबा किल्ल्यावर मोहीम काढली आणि ती फसली. तेव्हा इथल्या राइडमध्ये डोळ्यावर पट्टी बांधलेला कॅरिबियन चाचा उभा करायचा की १६१२ मध्ये बांधलेल्या आग्वादच्या टाक्यांतलं गोडं पाणी भरायला आलेली गलबतं दाखवायची, याचा विचार व्हावा. दुसरं जास्त गोव्याचं होईल. आंग्र्यांना सांगाड्यांच्या रांगेत बसवलं तर सिंधुदुर्गातून आणि कोल्हापुरातून आलेले पाहुणे फलाटावरच भांडतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

देखाव्यांचं गणितही पाण्याच्या वेगावरच चालतं. सहा मीटर लांबीचा देखावा प्रवाशासमोर बारा सेकंद असतो. होड्या वेगवेगळ्या क्षणी येतात, त्यामुळे पुतळ्याचं बोलणं सतत फिरत राहतं आणि प्रवासी त्यात कुठेही शिरतो. सुरुवात-मध्य-शेवट असलेली गोष्ट इथे सांगता येत नाही. गोव्यात एकाच होडीत मराठी, कोकणी, कन्नड, हिंदी, रशियन बोलणारे बसतात. त्यामुळे संवाद कमी आणि आवाज जास्त: दोरखंड करकरणं, पिंप गडगडणं, कुत्रा भुंकणं. दोन देखाव्यांचे आवाज एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये वळण आणि भिंत लागते.

पहिला मिनिटभर बोगद्यात काहीच नसतं ते कंजुषीमुळे नव्हे. उन्हातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला वेळ लागतो, पुरतं सरावायला वीस मिनिटांहून जास्त. तेवढी सवड राइड देऊ शकत नाही, पण पहिला मिनिट फार उपयोगाचा असतो. कुणी मोबाइलचा फ्लॅश मारला की अख्ख्या होडीची ती कमाई जाते.

आग म्हणजे पातळ रेशमी कापड, खालून पंखा आणि नारिंगी दिवा. तोफगोळा पाण्यात पडतो ते म्हणजे पाण्याखालच्या नळातून पाच-सात बार दाबाची हवा एकदम सोडणं. तोफेचा आवाज आणि पाण्याचा उडालेला खांब यांत अर्ध्या सेकंदाचा फरक ठेवला की गोळा हवेतून आल्यासारखा वाटतो. पाट दोन फूटही खोल नसतो, पण तळ काळा रंगवला की अथांग दिसतो. काळ्या रंगाचा तोटा असा की आत पडलेली वस्तू देखभालवाल्यालाही दिसत नाही.

गोव्याच्या हवेत

आपल्या पाटातून तासाला ४० लिटर किंवा त्याहून जास्त पाण्याची वाफ होते. बाहेर जुलैमध्ये २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २५ अंशांवर असतो. म्हणजे इमारतीतली जी वस्तू २५ अंशांपेक्षा थंड तिला घाम फुटणार. ‘आत गारेगार ठेवा’ म्हणून एसी वाढवला की डक्टवरून पाणी टपकतं, पुतळ्यांच्या मखमली कोटांना आठवड्यात बुरशी येते आणि दाढी-मिशांना वास. उपाय हवा कोरडी करण्याचा आहे, नुसती थंड करण्याचा नाही. कपडे कृत्रिम धाग्याचे, पटकन उतरवता येणारे, आणि प्रत्येक पुतळ्याचे दोन जोड.

पुतळे दाबाच्या हवेवर हलतात. पावसाळ्यात कॉम्प्रेसरने मिनिटाला दोन घनमीटर हवा ओढली तर तिच्यातून तासाला अडीच लिटरच्या आसपास पाणी सुटतं. एअर ड्रायर बंद असेल तर ते सगळं सिलिंडरमध्ये आणि व्हॉल्व्हमध्ये जातं. ऑगस्टमध्ये चाचा तलवार अर्धीच उचलतो याचं कारण बहुतेक वेळा हेच.

किनाऱ्याची खारी हवा आणि पाण्यातलं क्लोरीन दोन्ही लोखंड खातात. गॅल्व्हनाइज्ड बोल्ट इथे टिकत नाहीत. ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीललाही डाग आणि खड्डे पडतात, म्हणून पाण्याजवळ ३१६. किनाऱ्याजवळच्या बोअरचं मचूळ पाणी पाटात भरू नये, फुकट असलं तरी. पहिली भरणी दोन लाख लिटरची, म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर, टाकीचं वेगळं.

सर्वांत चमत्कारिक अडचण वेळापत्रकाची आहे. गोव्यात पर्यटक कमी ते जून ते सप्टेंबर, म्हणून पाट रिकामा करून रंगरंगोटी करायला तोच काळ सोयीचा वाटतो. पण तेव्हाच जांभ्यातलं भूजल वर आलेलं असतं. अडीच मीटर खोल टाकी आणि जमिनीखाली एक मीटरवर पाणी असेल तर तळाला दर चौरस मीटरवर दीड टनाचा जोर खालून लागतो. ३० सेंटीमीटर जाडीच्या काँक्रीटचं वजन पाऊण टनच. भरलेल्या टाकीतलं पाणी तो जोर दाबून ठेवतं. रिकामी केली की तळ फुगतो, तडकतो, आणि हलकी टाकी अख्खी उचललीही जाते. म्हणून तळाखाली पाणी काढून टाकणारे नळ आणि दाब सोडणारे व्हॉल्व्ह बांधतानाच घालावेत. ते नसतील तर टाकी एप्रिल-मेमध्येच रिकामी करावी, गर्दी असली तरी.

वीज झपकण्याचं काय? पाव सेकंदाच्या झटक्यानेही पंपांचे कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरींना वीज जोडणारे स्विच, सुटतात. जनरेटर चालू होईपर्यंत नियंत्रण, दिवे आणि घोषणा यूपीएसवर राहायला हव्यात. पाण्याजवळचे दिवे १२ किंवा २४ व्होल्टचे असावेत आणि बाकीच्या सर्किटांना ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारे स्विच.

पाण्याचा वास, धूर आणि आग

बंद इमारतीत क्लोरीनचा उग्र वास आला तर क्लोरीन जास्त झालं असं बहुतेकांना वाटतं. खरं तर तो वास क्लोरीन घामाशी, मळाशी संयोग पावून तयार होणाऱ्या क्लोरामाइनचा असतो. मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (दहा लाख भागांत १ ते ३ भाग), पीएच ७.२ ते ७.६ हा नेहमीचा पट्टा. बऱ्याच परदेशी राइडमध्ये ब्रोमीन वापरतात, त्याचा वास सौम्य असतो. ऊन नसल्याने क्लोरीन जास्त टिकतं आणि शेवाळ फारसं येत नाही, पण दिव्यांखाली हिरवे डाग येतातच. सगळं पाणी पाच तासांत एकदा गाळायचं तर तासाला ४० घनमीटरचा फिल्टर हवा. धुक्याच्या यंत्राला पाटातलं पाणी कधीही जोडू नये. कोमट पाण्यात वाढणारे लीजिओनेला जिवाणू त्या तुषारांतून थेट फुप्फुसात जातात. तिथे पिण्याचं शुद्ध पाणीच हवं आणि यंत्र रोज रिकामं करायला हवं.

पाण्याची राइड जळत नाही हा समज तर सोडूनच द्यावा. जर्मनीच्या युरोपा-पार्कमधली चाच्यांची होडीसफर २६ मे २०१८ च्या आगीत खाक झाली आणि जुलै २०२० मध्ये नव्याने उभी राहिली. भोवती पाणी असलं तरी फायबर, फोम, कापड आणि रंग हे इंधनच. न्यू जर्सीतल्या एका भयघरात मे १९८४ मध्ये आठ तरुण मेले, आणि त्यानंतर अमेरिकेत अशा इमारतींसाठी स्प्रिंकलर, धूरशोधक आणि धूर आढळताच आपोआप उजेड होण्याच्या अटी आल्या. राजकोटच्या गेम झोनची मे २०२४ ची आग सगळ्यांना आठवते. अशा राइडमध्ये ठरलेली चूक एकच: धुक्याच्या देखाव्याने धूरशोधक सारखे वाजतात म्हणून कुणी तरी ते बंद करतं. धुकं असलेल्या भागात उष्णतेवरही चालणारे शोधक बसवावेत, किंवा धुकं काढून टाकावं. राइडच्या आराखड्यापासून तपासणीपर्यंत आयएसओ १७८४२ ही तीन भागांची मानकं आहेत. पार्ककडे त्यानुसार तपासणीची कागदपत्रं आहेत का, हे शाळेची सहल नेणाऱ्या शिक्षकांनी बेधडक विचारावं.

बसताना

लहान मुलाला कडेला नको, दोन मोठ्यांच्या मध्ये बसवा. हात होडीबाहेर काढू नये, कारण होडी आणि भिंत यांत जेमतेम पंचवीस सेंटीमीटर असतात आणि वळणावर तेही राहत नाहीत. कोरडं राहायचं तर साधारणपणे मधल्या रांगा बऱ्या. पिशवी मांडीवर घ्या, होडीच्या तळात थोडं पाणी असतंच. पाटात नाणी टाकू नका. ती गाळणीच्या फटीतून निसटली तर पंपाच्या पात्यांपर्यंत जातात. टोपी आणि बाटली त्याच गाळणीवर अडकतात आणि पंपाला पाणी कमी पडायला लागतं.

होडी मध्येच थांबली आणि दिवे लागले तर बसून राहा. पाणी गुडघ्याइतकंच असलं तरी तळ बुळबुळीत असतो, आणि एकाच बाजूने चौघे उतरले तर होडी कलते. कर्मचारी बाजूच्या अरुंद वाटेने बॅटरी घेऊन येतात, होडी वाटेला धरून ठेवतात आणि एकेकाला उतरवतात, चढणीवरच्या होडीला आधी. त्यांनी सांगितलेल्या बाजूनेच उतरा. मूल आधी कर्मचाऱ्याच्या हातात द्या, मग आपण उतरा.